हिंगोलीचे नऊ खळ्यांचे मैदान

मी हिंगोलीला भांडायला गेलो होतो. देवदर्शन, हवापालट, सोयरीक असले एकही सज्जन कारण माझ्यापाशी नव्हते. ट्रंकेत दोन सदरे, एक धोतर आणि पत्रकांचा गठ्ठा, एवढेच सामान. आमच्या मंडळाकडे एक निनावी पत्र आले होते. निजामाच्या मुलखात हिंगोली नावाच्या गावी चार शिकलेले गृहस्थ काठीने चेंडू हाणत हिंडतात, आणि त्यांच्या चेंडूला गुळगुळीत वाट मिळावी म्हणून गरीब बायांकडून मैदान शेणाने सारवून घेतात, असा त्यातला मजकूर. वाचून माझे डोके फिरले. बायांनी पाठ मोडायची आणि बाबूंनी चेंडू घरंगळवायचा! त्याच दिवशी मी 'काठी कोणाची, पाठ कोणाची?' हे पत्रक लिहायला घेतले. अकरा वेळा लिहिले. प्रत्येक वेळी एखादे वाक्य मला लंगडे वाटे आणि मी ते परत मागवी. शेवटी छापखान्याचे मालक म्हणाले, "देवराव, खिळे झिजले माझे. आता जा, आणि ज्यांना शिव्या द्यायच्यात त्यांना समोर जाऊन द्या."

म्हणून गेलो. तो मुलूख ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझे पत्रक ज्यांनी वाचले असेल त्यांनी तर जरूर वाचावे.

कनेरगाव नाका

वाशीम सोडले की थोड्या वेळाने इंग्रजी राज्य संपते आणि निजामाचे सुरू होते. संपते म्हणजे काय, तर रस्त्यावर एक आडवा बांबू येतो. लढाईमुळे पेट्रोल नाही, त्यामुळे आमच्या मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली होती. तिचा धूर खाऊन सगळे उतारू एकाच जातीचे दिसत होते, काळ्या. ही समता मला आवडली.

नाक्यावरच्या शिपायाने ट्रंक उघडली आणि गठ्ठ्यावर हात ठेवला.

"ये क्या है?"

"पत्रकं. खेळाच्या विरुद्ध."

"मुल्क के खिलाफ तो नहीं?"

"नाही. काठी-चेंडूच्या खिलाफ."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "काठी-चेंडूनं तुमचं काय बिघडवलं, बाबू?"

मी घसा खाकरून सांगायला उभा राहिलो, तोच ड्रायव्हरने भोंगा वाजवला. शिपायाने नमुन्यादाखल मूठभर पत्रके काढून घेतली आणि शेजारच्या हॉटेलवाल्याला देऊन टाकली. मोटारीच्या भट्टीत कोळसा भरेपर्यंत मी तिथेच भजी मागवली, तर ती माझ्याच पत्रकावर आली! अकरा वेळा घोटलेले माझे वाक्य तेलात बुडाले होते. भजी मात्र अप्रतिम होती. ओव्याची, आतून कच्ची नाहीत, बाहेरून जळलेली नाहीत. मी दोन पत्रके, म्हणजे दोन वेळा भजी, खाल्ली.

हिंगोली

मंडळाच्या चिटणीसांच्या ओळखीचे एक वकील इथे राहतात, त्यांच्याकडे उतरलो. पन्नाशीचे, गोल, हसरे गृहस्थ. ओसरीवर पाऊल ठेवतो तो कोपऱ्यात काय उभे? पाच लोखंडी डोक्यांच्या काठ्या! शत्रूच्या गोटात शिरायचे म्हणून आलो होतो, ते थेट शत्रूच्या ताटावरच जाऊन बसलो.

ताट असे : ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तिच्यावर कच्च्या करडईच्या तेलाची धार आणि लसणाची चटणी. आमच्या नाशिककडे बाजरी. ती भाकरी अंगात शिरून बसते, ही ज्वारीची हलकी. तिसरी घेताना मी ठरवले की भांडण जेवणानंतर करावे.

पण वकीलसाहेबांचेच तोंड पडलेले. त्यांची हकीकत अशी. गोऱ्यांची पलटण पूर्वी हिंगोलीच्या छावणीत असे. ती केव्हाच उठून गेली, मागे हे गोल्फचे मैदान राहिले. जमिनीच्या जुन्या पट्ट्यात एक अट लिहिलेली आहे : दर माघात चार गड्यांनी कचेरीच्या कारकुनासमोर पूर्ण नऊ डाव खेळून दाखवायचे, चेंडू प्रत्येक गड्ड्यात जाईपर्यंत. तसे झाले तर मैदान राहील. नाही झाले तर जमीन नांगरटीला जाईल.

"आम्ही चौघे होतो," वकीलसाहेब म्हणाले. "मी, स्टेशनमास्तर, उर्दू शाळेचे हेडमास्तर आणि डॉक्टर. डॉक्टरांची बदली झाली. कारकून तीन दिवसांनी येणार. चौथा गडी आणू कुठून? गावात कुणाला काठी धरता येत नाही." आणि दाखवायला म्हणून त्यांनी एक काठी उचलून धरली.

"तुम्हालाही येत नाही," मी म्हणालो. "डावा अंगठा काठीच्या पाठीवर सरळ हवा. तुम्ही तर बादलीची कडी धरल्यासारखी धरली आहे."

स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या पत्नीने, काकूंनी, डोकावून पाहिले. वकीलसाहेबांचे डोळे हळूहळू मोठे झाले. माझी जीभ! या जिभेने मला आजवर दोन नोकऱ्यांतून काढले आहे.

आता खरे सांगतो. पत्रकात हे लिहिले नव्हते. माझे काका नाशिककडच्या एका छावणीत गोल्फच्या मैदानावर मुकादम होते. साहेब लोक जेवायला गेले की आम्ही त्यांच्या टाकून दिलेल्या काठ्यांनी खेळत असू. काका म्हणत, पोराचा हात चांगला आहे. हात चांगला होता, डोके नव्हते. एक टोला वाकडा गेला की माझा सगळा डाव नासे. मैदानावरच्या कामकऱ्यांची वर्षातून एक चढाओढ असे. तीत मी सगळ्यांच्या पुढे होतो. आठव्या गड्ड्यापाशी वीतभर अंतरावरून चेंडू हुकला. वीतभर! मी वाकलो, चेंडू उचलला, खिशात घातला आणि चालू लागलो. काका हाका मारत राहिले. त्यानंतर कितीदा तरी खेळायला उभा राहिलो, आणि पहिल्या चुकीला दर वेळी चेंडू खिशात. एकही डाव पुरा केला नाही. मग मी जाहीर करून टाकले की हा खेळ गुलामगिरीची खूण आहे. असेलही. पण मला तो निर्दोष खेळता येत नव्हता म्हणूनच मी एवढ्या तावातावाने लिहीत होतो, हेही तितकेच खरे.

"देवराव, तुम्ही चौथे," वकीलसाहेब म्हणाले.

"मुळीच नाही," मी म्हणालो. "मी आधी त्या बायांना भेटणार."

मैदानावर

सकाळी एकटाच गेलो. छपरे उडालेले जुने बंगले, कडुनिंबाची आणि चिंचेची झाडे, आणि त्यांच्यापुढे उघडे, मोठे, काळ्या मातीचे मैदान. पिवळे पडलेले गवत आणि जमिनीला भेगा. काही बोटभर रुंद, काही हात आत जाईल अशा. अन् मधूनमधून, लांब लांब अंतरावर, घरच्या अंगणासारखी सारवलेली नऊ गोल वर्तुळे. विलायतेत गड्ड्याभोवती हिरवळ राखतात. इथे हिरवळ कुठून आणणार? म्हणून शेणाने सारवतात. गाव त्यांना खळी म्हणते. धान्य मळायचे खळे असते ना, अगदी तशीच दिसतात. मी ते पाहून जागीच उभा राहिलो. चिडायला आलो होतो, पण सुंदर होते ते. खोटे कशाला बोलू?

पहिल्या खळ्यावर एक चाळिशीची बाई उकिडवी बसून सारवत होती. मी पत्रक काढले.

"बाई, तुमच्याकडून ही वेठ कोण करून घेतं? नाव सांगा. भिऊ नका."

तिने मान वर केली. "वेठ? कोन म्हनलं वेठ?"

"मग हे शेण..."

"माह्या म्हशीचं हाय. ह्या मैदानाचं गवत माह्या दोन म्हशी खातेत. गवताच्या बदली नऊ खळी सारवायची, असा बोल हाय चाँदचाचासंग. सासूच्या येळपासून चालू हाय." तिने हात झटकला. "तुमी काहून ईचारून राहिले? गवत बंद करायला आले का?"

"मी तुमच्यासाठी लढायला आलोय!"

"मंग लढा बापा, पर खळ्यावरून पाय काढा. वलं हाय."

मी पाय काढला. ठसा उमटला होता. तिने तो हाताने पुसला आणि माझ्याकडे न बघता पुढे सारवू लागली. हिचे नाव गिरजाबाई, माहेर सेनगावाकडचे साखरा.

चाँदचाचा म्हणजे मैदानाचे राखणदार. पांढरी दाढी, खांद्यावर निशाणांची मोळी. बापानंतर तीस वर्षे तेच मैदान सांभाळतात. मैदानाच्या कडेला त्यांची झोपडी, मागे गिरजाबाईचा गोठा. जमीन नांगरटीला गेली की झोपडी आणि गवत दोन्ही जाणार. हे त्यांनी रडून सांगितले नाही. निशाणाची काठी रोवता रोवता सांगितले.

"वकीलसाब म्हणले, तुमचा हात बराबर आहे."

"चाचा, मी पुरा डाव खेळत नाही. चुकलं की मला पुढे खेळवत नाही."

"चुकतं कुणाचं न्हाई? हेडमास्तरांचा चेंडू तर चिंचेतच ऱ्हातो."

"त्यांचं त्यांना चालत असेल. मला नाही चालत."

चाचांनी एक काठी आणि एक चेंडू माझ्या हातात दिला. लढाईपासून नवा चेंडू मिळत नाही. असलेलेच चेंडू चाचा पांढरा रंग देऊन देऊन वापरतात. रंगाचे थर चढून चेंडू अंमळ लिंबासारखे झालेले. मी उभा राहिलो, काठी फिरवली, आणि चेंडू असा गेला, असा गेला की माझ्या छातीत काहीतरी जोराने हलले. सहा वर्षांनी! तो पार पहिल्या खळ्याच्या कडेला जाऊन पडला. चाचा म्हणाले, "माशाल्ला." मी धावतच गेलो. आणि मग चार हातांवरून गड्ड्याकडे हलकेच ढकलला, तर चेंडू सरळ निघाला, मध्येच डावीकडे वळला आणि गड्ड्याला वळसा घालून निघून गेला. पुन्हा ढकलला, पुन्हा वळला. तिसऱ्यांदाही तेच. माझा हात आपोआप खिशाकडे गेला आणि चेंडू खिशात.

"बाई!" मी ओरडलो. "हे सारवण नीट नाही! बोटांचे वळ राहिलेत, चेंडू त्यांच्यातून जातो. सपाट करा!"

गिरजाबाई उठून आली. तिने कमरेवर हात ठेवले. "सपाट? सपाट सारवन पोपडे धरतं, दोन दिसांत उडून जातं. बोटाचा वळ उठला पायजे तवा ते टिकतं. अन् आमचा हात असाच हाय." तिने डावा हात माझ्या तोंडासमोर धरला. कोपरापर्यंत शेण. "मी डावरी हाय. डावीकडून वळते. तुमचा चेंडू माह्या हातासंगं चालतो. त्याला काय ठावं, तुमच्या मनात काय हाय?"

चाचा हसून खोकू लागले. मग म्हणाले, "साब, परवा कारकुनासमोर चेंडू खिशात गेला तर हमारा सब गया. खेळा नका खेळू, तुमची मर्जी. पन खेळायला उतरले तर खिशात हात घालू नका."

लोकांच्या झोपड्या वाचवण्यावर मी पानेच्या पाने लिहिली आहेत. इथे एक झोपडी माझ्या खिशापाशी येऊन थांबली होती.

"खेळतो," मी म्हणालो.

सेनगावच्या वाटेला

दुसरा दिवस मी सरावात घालवणार होतो. वकीलसाहेबांनी काठीच काढून घेतली. "तुम्ही सराव केलात तर आणखी चिडाल. चला हुरड्याला." बैलगाडीत घालून त्यांनी मला सेनगावच्या वाटेवरच्या आपल्या शेतात नेले.

तिथले काय वर्णावे! कापूस वेचून झालेला, तुरीच्या शेंगा भरलेल्या, आणि ज्वारीची कणसे दुधाळ. गोवऱ्यांच्या आरात कणसे भाजायची, हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरम दाणे तिळाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. आमच्याकडे हुरडा ताटलीत वाढून देतात. इथे चोळणारा सालदार सरळ आपल्या तळहातावरून तुमच्या तळहातावर देतो. मी म्हणालो, यात कोंडा राहिला आहे. सालदार म्हणाला, "ऱ्हातोच की. थुकून टाका, न्हाई तर गिळून टाका. दाना गार व्हऊन राहिला तिकडं."

मी कोंड्यासकट गिळला. कबूल करतो, दाणा गरमच खावा.

नऊ डाव

तिसऱ्या दिवशी सकाळी सदरा घालताना पाहतो तर दोन्ही खिसे शिवलेले! पांढऱ्या दोऱ्याने, घट्ट टाके. काकू चुलीपाशी बसून शांतपणे म्हणाल्या, "चाँदचाचांनी निरोप धाडला होता." मी भडकलो. माझ्यावर एवढाही विश्वास नाही? मग मला आठवले की माझ्यावर विश्वास ठेवावा असे मी कधी काही केलेलेच नाही, आणि मुकाट्याने चहा प्यालो.

मैदानावर कारकून छत्री उघडून उभा. बिचारा लांबून आला होता आणि त्याला जेवायला परत जायचे होते. चौघे गडी आलो. प्रत्येकाला एकच चेंडू. पाचवा शिलकीत नाहीच. इथली एक रीत मला तेव्हा कळली. एकेक खळे संपले की प्रत्येकाने चाचांकडे तोंड करून आपले टोले मोठ्याने सांगायचे, साऱ्या मैदानाला ऐकू जातील असे. चाचा ते खडूने पाटीवर लिहितात.

पहिल्या खळ्यावर गिरजाबाईचा डावा हात आठवला. गड्ड्याच्या उजवीकडे नेम धरला. चेंडू वळला आणि आत! पाच टोले. "पाच!" मी आरोळी ठोकली. वकीलसाहेबांचे नऊ झाले होते. तेही त्यांनी तितक्याच जोरात सांगितले.

दुसऱ्या खळ्यावर वीतभरावरून हुकला.

वीतभर! तेच अंतर. हात खिशाकडे गेला, बोटे टाक्यांवर आपटली. काकू! मी तसाच वाकून उभा राहिलो. मग चेंडू पुन्हा ढकलला. गेला. सहा. पण ते सांगायला माझ्या तोंडून आवाजच निघेना.

"आवाज!" चाचा ओरडले.

"सहा," मी पुटपुटलो.

"ऐकू न्हाई आलं!"

"सहा! सहा! सहा!"

तिसऱ्या खळ्यावर तर दैनाच झाली. चेंडू गवतात, मग बंगल्याच्या पडक्या भिंतीमागे, मग परत गवतात. आठ. बाकीच्या तिघांपेक्षा जास्त! मी, ज्याचा हात चांगला, तो या खळ्यावर सगळ्यांत मागे. आता काठी टाकून नाशिकची वाट धरावी असे झाले. तेवढ्यात गिरजाबाई पदरात फुटाणे घेऊन आली आणि सगळ्यांना ओलांडून आधी माझ्यापाशी थांबली.

"घ्या."

"आधी मला का?"

"जास्त टोले कुनाचे?"

"माझे."

"मंग? जो जास्त राबला त्याला आधी खायाला. हे दोन तर पाच पाच टोल्यांत मोकळे झाले, ह्यांना कशाची भूक?" असे म्हणून तिने स्टेशनमास्तर आणि हेडमास्तरांकडे तुच्छतेने पाहिले. ते दोघे खरोखर ओशाळले.

मी फुटाणे हातात घेऊन उभाच राहिलो. जन्मभर मी व्यासपीठावरून ओरडलो आहे की जो राबतो त्याला आधी मिळाले पाहिजे. आणि तेच मला एक बाई फुटाण्यांनी सांगत होती. हिच्या हिशेबी माझे आठ टोले हे आठ गुन्हे नव्हतेच. ती माझी मेहनत होती! मी तिच्याशी वाद घालणार तरी कसा? माझ्याच पत्रकाच्या आधारे हरलो असतो.

फुटाणे तोंडात टाकले आणि हसू फुटले. आधी थोडे, मग आवरेना.

आणि वाचकहो, तिथून पुढे जे झाले त्याला मी काय म्हणू! चौथ्या खळ्याकडे मारलेला टोला उंच उडाला, चिंचेवरून गेला, त्याबरोबर पोपटांचा थवा उडाला आणि आम्ही चौघेही तोंडे वर करून बघत राहिलो. पाचव्या खळ्याच्या वाटेवर गिरजाबाईची म्हैस चेंडूसमोर आडवी बसली. हेडमास्तरांनी उर्दूत आणि स्टेशनमास्तरांनी इंग्रजीत तिची विनवणी केली. ती उठली गिरजाबाईच्या शिवीवर. सहाव्याला मी काठी मातीत मारली, ढेकूळ चेंडूपेक्षा लांब गेले. "ढेकळाचा टोला मोजायचा का?" वकीलसाहेब ओरडले. "मोजा!" मी ओरडलो. सातव्याला नऊ झाले आणि मी ते गाणे म्हणावे तसे सांगितले. ऊन, वारा, पायांखाली कुरकुरणारे गवत, लांब कुठे तरी मोटेचा आवाज. हे सगळे तिथे पहिल्यापासून होते, आणि मी आजवर चेंडूशिवाय काही पाहिलेच नव्हते!

नववे खळे. तिघांचे डाव संपले. माझा चेंडू राहिला होता तीस पावलांवर. मी हलकेच मारला. तो खळ्याच्या दिशेने टुणटुणत गेला, आणि खळ्याच्या चार हात अलीकडे दिसेनासा झाला.

भेग.

आम्ही सगळे धावलो. हातभराहून खोल, वरून चार बोटे रुंद, खाली निमुळती. तळाशी पांढरा ठिपका दिसत होता. वकीलसाहेबांचा हात मनगटापर्यंत जाऊन अडकला. स्टेशनमास्तरांचा तेवढाही गेला नाही.

कारकुनाने छत्री मिटली. "चेंडू गेला. तिघांचाच खेळ पुरा झाला, असं लिहावं लागेल."

"त्यांना माझा चेंडू घेऊ द्या," वकीलसाहेब म्हणाले.

"ज्याचा त्याचा चेंडू गड्ड्यात गेला पाहिजे, असं पट्ट्यात आहे साहेब. मी काय माझ्या घरचं सांगतोय?"

चाचा भेगेपाशी खाली बसले. दाढीवर हात ठेवून त्या ठिपक्याकडे पाहत राहिले.

इथे मला सोडून देता आले असते, आणि कुणीही मला नावे ठेवली नसती. चूक माझी नव्हती, जमिनीची होती. पण मला सोडायचे नव्हते! चेंडू आत जायला हवा होता, वाकडा, तिकडा, कसाही. मी पालथा पडलो आणि भेगेत हात घातला. कोपर सोलले. बोटांपासून चेंडू चार अंगुळे लांब.

"सरका," गिरजाबाई म्हणाली. तिने ज्वारीचा एक वाळका धांडा आणला होता, टोकाला ओल्या शेणाचा गोळा थापलेला. तिने तो सरळ आत सोडला, दाबला, हळूहळू वर ओढला. ठिपका हलला, वर आला, वर आला आणि सुटून पुन्हा तळाशी गेला. कारकून म्हणाला, "बाई, माझं जेवण..." ती म्हणाली, "गप."

चाचा उठले. बाभळीपाशी गेले, सालीवरचा मऊ डिंक नखाने खरवडून आणला आणि त्या शेणावर माखला. पुन्हा धांडा आत. या वेळी तिने दाबून धरला आणि डिंक धरेपर्यंत ढिला सोडला नाही. मग ओढला. मी भेगेच्या तोंडाशी ओंजळ धरली होती. चेंडू ओंजळीत पडला, गरम, चिकट, निम्मा हिरवा.

"पुसून घ्या," हेडमास्तर म्हणाले.

"राहू द्या," मी म्हणालो. भेगेच्या कडेला ठेवला, एक टोला वाढवला आणि मारला. डिंकामुळे तो धड घरंगळेना. दोन हात जाई आणि काडी-कचरा गोळा करून थांबे. परत मारला. परत थांबला. वकीलसाहेब हसून हसून खाली बसले. कारकूनसुद्धा छत्रीवर रेलून पुढे वाकला. गड्ड्याच्या काठावर तो लोंबकळला आणि मी त्याला शेवटचा टोला दिला.

आत पडला, टप्पकन.

मी चाचांकडे वळलो. छाती भरून श्वास घेतला.

"अकरा!"

छावणीच्या पडक्या भिंतींवरून ते परत आले, अकरा, अकरा. चाचांनी पाटीवर लिहायला खडू उचलला आणि तो त्यांच्या बोटांत मोडला. मग त्यांनी मोडक्या तुकड्याने लिहिले. कारकुनाने पाटीवरून कागदावर उतरवून घेतले, चौघांच्या सह्या घेतल्या, स्वतःची केली आणि शिक्का उमटवला. वर्षाची निश्चिंती झाली. गिरजाबाईने पदर झटकून उरलेले फुटाणे माझ्या ओंजळीत ओतले, सगळेच्या सगळे. मग नवव्या खळ्याकडे पाहून म्हणाली, "समदं उखनून ठेवलं मेल्यांनी. उद्याच्याला हायेत का तुमी? असाल तर पहाटं सारवते."

माझी जागा सकाळच्या वाशीमच्या मोटारीत ठरलेली होती. पैसेही भरले होते.

"आहे," मी म्हणालो.

सकाळी मोटार मला मैदानावरून दिसली. कोळशाचा धूर सोडत कनेरगावच्या रस्त्याने ती निघून गेली, तेव्हा मी सहाव्या खळ्याच्या वाटेवर उभा होतो. सात टोले झाले होते, आणि गड्डा अजून वीस पावले लांब होता.